एकास पन्नास

पतपेढीची गेल्या सालची डायरी
एप्रिलनंतर कोरीच राहिली होती,
तीच घेतली.
तारखांचे वार जुळत नाहीत,
पण पाखरांना कुठे वार असतात.

१४ डिसेंबर. पहाटे शाल घ्यावी इतपत गारठा,
म्हणजे मुलुंडच्या हिशेबात कडाक्याचा.
खाडीकडून धुकं.
पंप-रूममागे परीट आला,
शेपटीनं शिक्के मारत
सगळी जागा तपासून गेला.

पुढे दोन दिवस नोंद नाही.
मीच उठलो नाही.

१७ ला खोब्रेकर सेक्रेटरी दारात:
"टिपणीस, आयुष्य नकाशांत गेलं तुमचं,
मागची पट्टी तुम्हीच आखा.
नाहीतर फेब्रुवारीत पेव्हर ब्लॉक,
स्वस्तात बसतायत."

पट्टी म्हणजे बारा मीटर बाय साडेतीन.
एक कढीपत्ता, एक अर्धा वठलेला पेरू,
कुणीतरी टाकलेलं तुटकं कमोड,
आणि वॉचमन लालमोहर रोज सकाळी जाळतो
ती पानं.

चौतीस वर्षं महापालिकेत
ट्रेसिंग कागदावर गटारं काढली मी,
रस्त्यांची रुंदीकरणं काढली.
झाड म्हणजे वर्तुळ.
वर्तुळात फुली असली की ते जायचं.
हात स्थिर होता, फुली सरळ यायची.
किती काढल्या
ते कुठल्याच डायरीत नाही.

शाईचं पेन सुकलंय. पेन्सिलच बरी.

कढीपत्ता राहील.
खालच्या फांद्या आमटीला, वरच्या अळ्यांना.
पाखराची शीट वाटावी अशी असते ती अळी.
तळमजल्याच्या कुंदाताई "शी" म्हणाल्या,
म्हटलं थांबा थोडं,
पंख फुटले की ओळख करून देतो.

भिंतीलगत रुई.
शनिवारी मारुतीची,
उरलेले सहा दिवस तिच्या अळ्यांची.

पाण्याला उथळ परळ, खोली दोन बोटं,
आत खडे, मधमाशीला पाय टेकायला.

कमोडही असू दे.
आडवं करून निम्मं मातीत पुरलं
की बेडकाची वन रूम किचन.
(खोब्रेकरांना हे आत्ताच सांगायचं नाही.)

पेरूचा वठलेला भाग कापायला निघालो होतो.
पण तिथे तांबटानं टेंडर न काढताच
काम सुरू केलंय.
गोल इतका नेमका
की माझा कंपास लाजेल.

राहिली पानं.
लालमोहरला म्हटलं, जाळू नकोस.
"ठंडी है साब, हाथ सेंकता हूँ."
हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.
ऑफिसातला राखाडी स्वेटर त्याला दिला,
बाह्या आखूड होतात, पण घालतो.
आता पानं पडून आहेत.
त्यांच्याखाली काहीतरी चाललेलं असतं दिवसभर,
खसखस ऐकू येते.
ते दाखवायची खूण
आमच्या तक्त्यात कधी नव्हतीच.

ईशान्येचा कोपरा कोरा ठेवला
आणि लिहिलं: इथे काही करू नये.
खोब्रेकरांनी चष्मा वर केला.
"हे काम राहिलंय का?"
नाही, म्हटलं, हे झालंय.

२ जानेवारी. रात्री पंखा बंद.
दिव्याखाली शेवटचं झाड काढायला घेतलं,
एक भोकर,
लोणच्यापुरती आपली, बाकी बुलबुलांची.
रोप पावसाळ्यात लावायचं,
फळ धरेल तेव्हा मी नसेनही,
तो हिशेब एकास पन्नासमध्ये मावत नाही.

वर्तुळ काढलं. हल्ली टोकं जुळत नाहीत नीट.
हात सवयीनं मध्ये गेला,
तिरका, फुलीच्या बेतात.

पेन्सिल तशीच उचलून धरली
बराच वेळ.

मग टिंब दिलं.
टिंब म्हणजे खोड.